सहासष्ट कॅसेटी, दोन जीबी

सदानंद गवस पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा मी त्यांना जवळजवळ हाकलूनच दिलं होतं. दोडामार्गच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, रिचार्ज, आणि लोकांना गाण्यांच्या चिपा भरून देणं. जून महिना, शाळेच्या दाखल्यांची गर्दी, आणि हा माणूस आपली ठिबकणारी छत्री माझ्या मशीनला टेकवून उभा. वर बोलेना. ओठ हलताना दिसत होते, आवाज काही येत नव्हता.

"काकानू, मोठ्यान सांगा, माका आयकाक येना!" मी खेकसले. माझं नाव नम्रता आहे, पण ते कुणी ठेवलं त्याला आमच्या बाजारात अजून लोक शोधतायत.

रांगेतल्या पोस्टमनने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवळात चपला घालून शिरले. "गो, ते सदाबुवा," तो म्हणाला. "आवाज गेलोहा त्यांचो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सदाबुवा म्हणजे कोण, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही. माझ्या लहानपणी डबलबारीचं पोस्टर लागलं की आमच्या घरी दोन दिवस आधीपासून भांडण असे, रात्रभर घर राखायला कोण राहणार म्हणून. समोरासमोर दोन मांडव, दोन भजनी बुवा, दोघांची पेटी, पखवाज, झांज. एक बुवा आपली बारी गातो आणि जाता जाता समोरच्याला पुराणातला एक सवाल टाकतो. समोरचा आपल्या बारीत जबाब देतो, चिमटा काढतो आणि उलटा सवाल टाकतो. उजाडेपर्यंत हे चालतं. आमच्याकडे एका मांडवात सदाबुवा असले की दुसऱ्यात आरोंद्याचे महादूबुवा असायचेच. एकाचं नाव घेतलं की दुसऱ्याचं आपोआप तोंडात येई.

आता त्यांच्यातला एक माझ्यासमोर उभा होता आणि त्याला "दोन झेरॉक्स" म्हणता येत नव्हतं. त्यांना झेरॉक्स नकोच होत्या म्हणा. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक जुना प्लेअर काढला. काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा, चार बटणं, कडा झिजलेल्या. मग छत्रीखाली जपून आणलेली गोणी पुढे सरकवली. गोणीत सहासष्ट कॅसेटी होत्या. ते माझ्या कानाजवळ वाकले आणि घोगऱ्या कुजबुजीत म्हणाले, "ह्यो सगळो माजो आवाज. ह्यो ह्येच्यात बसव."

बुवा रबराच्या बागेत कामाला होते. वय सहासष्ट आणि कॅसेटीही तेवढ्याच, हे त्यांनीच मला हसून दाखवलं होतं. उजाडायच्या आत झाडाची साल बारीक तासायची, खाली वाटी लावायची, पुढच्या झाडाकडे जायचं. अशी तीनशे झाडं. बोलायला माणूस नाही, आणि असता तरी बोलता आलं नसतं. हा प्लेअर त्यांच्या लेकीने, गौरजाने, गोव्यात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून आणला होता. ती आता लग्न होऊन म्हापशाला असते. मी म्हटलं, बुवानू, फोन घ्या, हजार गाणी मावतील. त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. बोटांवर रबराचा चीक सुकून सालपटं झाली होती. त्या बोटांना फोनची काच ओळखतच नाही. बटण मात्र दाबता येतं. मी नवीन बटणांचा डबा फोनही देऊन पाहिला. तो बंद करून चालू केला की पुन्हा पहिल्या गाण्यावर जायचा. जुना प्लेअर थांबला तिथून पुढे वाजायचा. दर दहा झाडांनी थांबणाऱ्या माणसाला तेवढंच हवं होतं.

अडचण एकच. त्या प्लेअरला दोन जीबीच्या वरचं कार्ड चालत नव्हतं. मोठं घातलं की तो गप्प.

श्रावण संपेपर्यंत बुवा रोज माझ्याकडे येत राहिले. पावसात रबराचं काम बंदच असतं. माझ्या माहेरचा टेप मी कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक कॅसेट वाजवत उतरवून घेतली. कॅसेटींवर बुरशीचा पांढरा थर होता. बुवांची बायको विमलाकाकी कापूस आणि स्पिरिट घेऊन यायची आणि पुसत बसायची. तरी अकरा फिती तुटल्या, काही एकदा वाजल्या आणि मग टेपात अशा गुंडाळल्या की कात्रीनेच बाहेर आल्या. पण एकदा तरी प्रत्येक वाजली. शंभर तासांना एक तास कमी, एवढा आवाज माझ्या कॉम्प्युटरात जमा झाला.

आता तो दोन जीबीत बसवायचा. नेहमी भरतो तसा भरला तर चौतीस तास मावत होते. मी आवाज निम्मा दाबला, तेव्हा एकोणसत्तर तास बसले. बुवांनी कान लावून ऐकलं, मान डोलावली, चालेल. तीस तास अजून बाहेरच होते. मी आणखी दाबला. सगळं बसलं! मी खूश होऊन प्लेअर त्यांच्या हातात दिला. बुवांनी दोन मिनिटं ऐकलं आणि कानातलं काढून टेबलावर ठेवलं.

"ह्यो माजो आवाज न्हय," ते म्हणाले. "बावीत पडलेलो माणूस वरडता तसो लागता."

मला राग आला. फुकट काम, त्यावर नखरे! पण मीही कान लावला. खरंच, झांज वाजत नव्हती, तळणीत काहीतरी सांडल्यासारखी फसफसत होती. आणि एकवीस नंबरच्या कॅसेटीतला तो सूर. सातेरीच्या देवळातली, शहाण्णव सालची ती कॅसेट. तिच्यात बुवा अभंगाच्या शेवटी वरच्या सुराला जाऊन उभे राहतात आणि पखवाजवाला हात उचलून वाट बघत बसतो. सगळं देऊळ श्वास रोखून धरतं. पुढे बागेत बुवा ती रोज शेवटच्या झाडाशी लावायचे, राखून ठेवल्यासारखी. दाबलेल्या आवाजात तो सूर थरथरून तुटत होता. मी बुवांना म्हटलं, तुमचं बरोबर आहे.

मग काय काढायचं? मी म्हटलं, काही कॅसेटी सोडा. बुवा एकही सोडायला तयार होईनात. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी तो विषय सोडला. माणूस स्वतःच्या आवाजातून तीस तास निवडून फेकणार तरी कसा? त्याच्याकडे दुसरा नाही.

दोन दिवसांनी ते आले ते तोड घेऊनच. सहासष्टांतल्या चाळीस कॅसेटी डबलबारीच्या, सगळ्या महादूबुवांबरोबरच्या. म्हणजे निम्मा वेळ गाणार महादूबुवा. साठ तासांतले तीस. बुवांनी बोटाने हवेत कात्री चालवली.

"म्हादूचो काप."

मला हसू आलं. आमच्याकडे डबलबारी ऐकायला जाणारा प्रत्येक जण आपल्या बुवाचाच असतो. समोरच्याची बारी लागली की चहा प्यायला उठतो. मीसुद्धा सदाबुवांकडचीच. गणित तर असं चोख बसत होतं, की जणू देवानेच जमवून दिलं होतं. तरी मी विचारलं, इतका कसला राग?

राग होता. २०११ साली आरोंद्याच्या जत्रेत दोघांची शेवटची बारी झाली. त्या रात्री महादूबुवांनी पेटीवरून मान वर करून भर मांडवात म्हटलं होतं, "सदाबुवा, पेटी तुमची नवी, पण भातो फुटलोहा. पाच वर्षांत ह्या गळ्यातसून वारो येतलो, सूर येवचो नाय." माणसं पोट धरून हसली. डबलबारीत असलं चालतंच, पहाटे दोघे एका पंगतीला बसून जेवतात. पण तीन वर्षांत सदाबुवांच्या गळ्यात गाठ निघाली, गोव्यात ऑपरेशन झालं आणि खरंच वारा उरला. वाणी लागली, असं बुवांनी धरलं. नुसतं धरलं नाही, मुरवलं. महादूबुवा भेटायला आले होते तेव्हा विमलाकाकीने त्यांना ओटीवर चहा दिला आणि बुवा आतून बाहेर आले नाहीत. त्यानंतर आठ वर्षं दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

"माका त्याचो आवाज कानात नको," बुवा म्हणाले. मला ते पटलं. मी म्हटलं, कापू.

कापायचं काम कानाने होत नाही, डोळ्याने होतं. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसतात. कुठून कुठे, ते बुवा बोट लावून दाखवायचे. मी तेवढा भाग काळा करायचे, कापायचे आणि तीच फाईल सेव्ह करून पुढे जायचे. आधी एक वेगळी प्रत ठेवावी, हे मला सुचलं नाही असं मी लोकांना सांगते. खोटं आहे ते. सुचलं होतं. माझ्या कॉम्प्युटरात लोकांचे सातबारे, लग्नाचे व्हिडिओ, काय काय ठासून भरलेलं. दुसऱ्या प्रतीला जागा नव्हती. शेजारच्या दुकानातून एक पेनड्राइव्ह आणायचा होता. एवढंच. महादूबुवांसाठी कोण उठतंय, असं मला वाटलं.

तीस तास कापायला सहा दिवस लागले. मध्येच कधी लाटेचं टोक चुकायचं आणि महादूबुवांचा अर्धा शब्द नाहीतर खाकरणं ऐकू यायचं. बुवा लगेच बोट नाचवायचे. तेवढंही काप. गणपतीच्या आधी कार्ड भरलं. पाच मिनिटांची जागा उरली असेल. बुवांनी माझ्या टेबलावर नारळ ठेवला आणि प्लेअर खिशात घालून गेले. इतका आनंदी म्हातारा मी आयुष्यात पाहिला नाही.

आणि कॅसेटी? त्या उतरवून झाल्या, आता कशाला, म्हणून विमलाकाकीने फिती ओढून काढल्या आणि पसवलेल्या भाताभोवती खांबाखांबाला ताणून बांधल्या. आमच्याकडे तसं करतातच. फीत वाऱ्यावर भणभणते, उन्हात चकाकते, पाखरं भितात. त्या वर्षी गवसांच्या भातावर एक पाखरू बसलं नाही. काकी कौतुकाने सांगायची, "जल्मभर गायले ता आता कामाक इला."

मार्गशीर्षात महादूबुवा गेले. झोपेतच. बातमी मी पेपरात वाचली, आतल्या पानावर चार ओळी. बुवा मातीला गेले नाहीत. मी विचारलं तर हाताने 'राहू दे' अशी खूण केली आणि कानातलं परत कानात घातलं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी एक बाई माझ्या दुकानात आली. चाळिशीची असेल, अंगावर अंगणवाडीची साडी, आरोंद्याहून दोन बस बदलून आलेली. तिने विचारलं, "सदाबुवांच्या कॅसेटी उतरवन घेतलास ती तूच मा, बाय?"

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं.

"मी लक्ष्मी. महादूबुवांचा चेडू."

तिला तिच्या बापाचा आवाज हवा होता. महादूबुवांकडे टेप कधी नव्हताच. रेकॉर्डिंग करायचे ते सदाबुवा. त्यांच्या मेव्हण्याने दुबईहून आणलेला टेप त्यांच्या मांडवात असे. महादूबुवा म्हणायचे, सदाकडे आहे की, माझ्या घरी कशाला? कुणाकुणाच्या फोनमध्ये असेल म्हणून लक्ष्मीने गाव पालथं घातलं होतं. शेवटच्या बारीच्या वेळी असले फोन आमच्याकडे मोजक्यांकडे होते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांनी फोटो काढले होते. "कायव गावला नाय," ती म्हणाली. "मगे कोणी तरी तुजा नाव सांगला. म्हटलंय, सुटलंय."

सांगायला हवं होतं, तिथेच. मी म्हटलं, चला, बुवांकडे जाऊ. भित्री आहे मी, आरडाओरडा करणारी माणसं बहुतेक असतातच.

बुवा खळ्यात बसले होते. लक्ष्मी खाली वाकून पाया पडली. बुवा गडबडून उठले. राग बापावर होता, या पोरीला त्यांनी लहानपणी मांडवात झोपलेलं पाहिलं होतं. विमलाकाकी पाणी घेऊन आली. लक्ष्मीने मागणं सांगितलं आणि मग म्हणाली, "काकानू, सगळा नको. शेवटची बारी तेवढी व्हयी. आरोंद्याची."

बुवांचा चेहरा दगडासारखा झाला. तीच बारी कशाला, असं त्यांनी हाताने विचारलं.

"त्या रातीक बाबा घराकडे येवन जेवले नाय," लक्ष्मी म्हणाली. "सदाचो आवाज वर जाताना फाटता, गळ्यात काय तरी आसा, म्हणी हुते. मांडवात दुसरा कसा सांगतलंय, मस्करी केलंय म्हणाले. पण मस्करी झाल्यार लगेच सांगलंय, सदाबुवा, मस्करी इसरा, पण गळो डॉक्टराक दाखवा. लोक हसत हुते, त्याका आयकाक गेला नाय. मरासर म्हणत रवले, टेपात आसा ता, सदान एकदा आयकाक व्हया." तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माका फक्त ता तुमका आयकवचा हुता. आणि मगे घराकडे न्हेवचा हुता."

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं. मीच कापलं होतं ते. त्या बोलण्यावर काळी पट्टी मीच ओढली होती आणि ऐकलं नव्हतं, कारण कापताना ऐकत नाहीत. तिथे ते शब्द होते की नव्हते, हे जगात आता कुणालाही सांगता येणार नाही. मी आजवर लोकांची पुष्कळ कामं बिघडवली आहेत. पण परत दुरुस्तच करता येणार नाही असं हे पहिलंच.

सांगितलं मी. रडत सांगितलं. लक्ष्मी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "मगे काय उरला?"

बुवांनी खिशातून प्लेअर काढला आणि तिच्या हातात दिला. तिने एक टोक कानात घातलं. दुसरं मी घेतलं. सदाबुवांचा तो पूर्वीचा भरदार आवाज हसत हसत म्हणत होता, "महादूबुवा, खारीच्या पाठीर रेघो तीन, चौथी तुमच्या कपाळार!" आणि हजार माणसांचं हसू. खारीच्या पाठीवर तीनच रेघा का, असा महादूबुवांनी टाकलेला सवाल तिथे नव्हता. पुढचं गाणं. "ऐका, महादूबुवा." त्याच्या पुढचं. "आता सांगा, महादूबुवा, गप्प का?" शब्दाशब्दाला तिच्या बापाचं नाव होतं. मी हे महिनोन् महिने ऐकत आले होते आणि मला कधी खटकलं नव्हतं. आता वाटलं, एक माणूस हाका मारत सुटलाय आणि दुसऱ्याला आम्ही दार लावून घेतलंय.

लक्ष्मीने चार-पाच गाणी ऐकली. मग कानातलं काढून, वायर नीट गुंडाळून प्लेअर बुवांना परत दिला. "बरा गायलास, काकानू," ती म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली. शेवटची बस पाच वाजता होती.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायला गेले तर बुवा पायरीवर बसलेले. मांडीवर फितीचा मोठा गुंता. भात कापून दोन महिने झाले होते, पण खांबांना फिती लोंबतच होत्या. त्या सगळ्या त्यांनी रातोरात सोडवून आणल्या होत्या. "ह्येच्यातसून काय निघता काय बग," ते म्हणाले. मी एक टोक उजेडाकडे धरलं. चार महिन्यांचं दव आणि ऊन खाऊन फितीवरचा तपकिरी थर खवल्यांसारखा झडला होता. नुसतं पारदर्शक प्लास्टिक. मी मान हलवली. बुवांनी तरीही तो गुंता टाकला नाही, काखेत घेऊन घरी गेले.

त्यानंतर त्यांनी प्लेअर लावणं बंद केलं. काकी सांगायला आली. बागेत जातात, पण कानात काही नाही. जेवण कमी झालं. काकी मला बोलली नाही, पण फिती तिनेच बांधल्या होत्या आणि ते तिला खात होतं. आम्ही दोघी एकमेकींना चहा पाजत बसलो.

शिमग्याच्या आधी बुवा आले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी दाराची फळी अर्धी लावली, माझ्यासमोर बसले आणि माइककडे बोट दाखवलं.

"म्हादूचे सवाल माका सगळे याद आसत," ते म्हणाले. "तीस वर्सां मी त्यांचेच जबाब दिलंय. घे लिवन."

लिहून नव्हे, बोलून. डॉक्टरांनी ताण देऊन बोलायला सक्त मनाई केली होती, मला ठाऊक होतं. मी म्हटलं, बुवानू, गळ्याचं काय? ते म्हणाले, गळ्यात आता राहिलंय काय? मी माइक जोडला. त्यांनी खाकरलं आणि डोळे मिटले. मग त्या फाटक्या, वाऱ्याच्या आवाजात खारीच्या रेघांचा सवाल आला. महादूबुवांच्या चालीत, त्यांच्यासारखा शेवटचा शब्द ओढून आणि त्यांच्यासारखंच हसण्याआधी क्षणभर थांबून. सदाबुवांसारखं काहीच नव्हतं त्यात.

त्यांना तो सवाल त्यांच्या जबाबाच्या आधी बसवून हवा होता, त्याच कार्डात. कार्ड लक्ष्मीला द्यायचं, प्लेअरसकट. मी म्हटलं, कार्डात जागा नाही.

"माजो एक काढ."

असं सुरू झालं ते. आठवड्यातून दोन दुपारी बुवा येतात. एक सवाल महादूबुवांचा सांगतात, आणि तेवढ्या मिनिटांचा आपला अभंग बोटाने दाखवतात. काढ. ज्यांतला एक तास सोडायला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्या एकट्याच्या सव्वीस कॅसेटींमधले कितीतरी अभंग आता गेले. या वेळी मी पेनड्राइव्ह आणला आहे. जे काढते ते आधी त्यात ठेवते. बुवांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू ठेव. माका नको." कानात त्यांना ते पुन्हा घ्यायचं नाही. दर खेपेला त्यांचा आवाज आणखी बसतो. काल "म्हादू" हे नाव दोनदा घ्यावं लागलं, पहिल्यांदा नुसता वारा आला.

काल शेवटच्या बारीची पाळी होती. आरोंद्याची. बुवा येऊन बसले आणि म्हणाले, "एकवीस काढ."

माझा हात माऊसवरून उठला. सातेरीच्या देवळातला तो अभंग? "बुवानू, तो नको. दुसरो खंयचोय सांगा. तो तुमचो—"

"माजो आवाज सगळ्यांनी आयकलोहा," ते म्हणाले. "काढ."

मी काढला. त्यांच्यादेखत. मग माइक पुढे सरकवला.

बुवांनी महादूबुवांची सगळी बारी म्हटली, अगदी सुरुवातीपासून. मग मान वर करून तो भाता फुटल्याचा टोमणा. पाच वर्षांत वारा येईल, सूर येणार नाही. जसाच्या तसा, एक शब्द इकडे तिकडे नाही. ते थांबले. तिथे माणसं हसली असणार, तेवढाच वेळ थांबले. मला वाटलं संपलं, मी बंद करायला हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. डोळे मिटलेलेच होते.

"सदाबुवा," ते म्हणाले, "मस्करी इसरा. पण गळो डॉक्टराक दाखवा."

मी सेव्ह केलं. त्यांना ते आत्ता आठवलं होतं, की तेव्हाच ऐकू आलं होतं आणि इतकी वर्षं त्यांनी ते ऐकलंच नाही असं धरलं होतं, की लक्ष्मीसाठी त्यांनी ते तिथे ठेवलं, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. बुवा रडत होते आणि त्यांच्या रडण्याला आवाज नव्हता. मी उठून दाराची फळी पूर्ण लावली.